विमा कंपनीनं अख्ख्या बिलावर निम्मी कात्री लावली: दाद कुठं आणि कशी मागायची?

(खाली प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दूधगंगा (निपाणी तालुका)

वडील, वय ६८. पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात प्लेट घालून ऑपरेशन झालं, सहा दिवस ॲडमिट होते. पॉलिसी निपाणीतून काढलेली आहे, जून २०१९ पासून खंड नाही. विमा रक्कम आधी २ लाख होती, २०२२ च्या रिन्युअलला ३ लाख केली. खोलीभाड्याची मर्यादा रोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. त्या दिवशी स्वस्तातली खोली शिल्लक नव्हती, त्यामुळं ६,००० ची घ्यावी लागली.

बिल असं आहे:
खोली ६ दिवस: ३६,०००
खोलीवरचा जीएसटी: १,८००
सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी: ७०,०००
नर्सिंग आणि डॉक्टर व्हिजिट: १४,०००
इम्प्लांट: ४२,०००
औषधं आणि इतर साहित्य: ३८,०००
रक्त तपासण्या, एक्स-रे: १२,०००
फाइल, डॉक्युमेंटेशन, डिस्चार्ज प्रोसेस, हाउसकीपिंग वगैरे: ६,२००
एकूण २,२०,०००

कंपनीनं १,०६,००० मंजूर केले. खोली दुप्पट दराची म्हणून बाकी सगळं निम्मं, आणि जीएसटी व शेवटची ओळ पूर्ण नामंजूर. १,१४,००० घरातून भरले. शिवाय डिस्चार्जनंतरच्या औषधं-फिजिओथेरपीचा क्लेम 'केस पेपरवर बीपी ८ वर्षांपासून असल्याची नोंद आहे, खुलासा करा' म्हणून अडकवलाय. एजंट म्हणतो, कंपनीचा निर्णय झाला, आता काही होत नाही. खरंच होत नाही का?

कागदपत्र

होतं. तुमच्या बिलावरची कपात नियमाला धरून नाही, आणि हे कागदावर दाखवता येतं.

जादा भाड्याच्या खोलीमुळं होणारी प्रमाणशीर कपात अख्ख्या बिलावर लावताच येत नाही. आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, जून २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय. ती फक्त पॉलिसीत 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस' म्हणून ठरवलेल्या खर्चावर लागते, आणि त्या व्याख्येत औषधं-कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट-उपकरणं आणि तपासण्या घालायला मनाई आहे. आयसीयूच्या चार्जवरही ही कपात लागत नाही. तुमच्या बिलात इम्प्लांट ४२,०००, औषधं ३८,००० आणि तपासण्या १२,०००, मिळून ९२,००० होतात. त्यावर मारलेली निम्मी कात्री, म्हणजे ४६,००० रुपये, थेट परत मागा. यातनं थोडं कमी होईल. औषधांच्या बिलात वॉकर, डायपर असलं काही असेल तर ते आयआरडीएआयच्या न मिळणाऱ्या ६८ वस्तूंच्या यादीत बसतं. त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका.

दुसरा मुद्दा याहून मोठा आहे आणि बहुतेकांना ठाऊकच नसतो. ज्या दवाखान्यात खोलीच्या प्रकारानुसार बाकीचे दर बदलत नाहीत, तिथं ही कपात मुळातच लावता येत नाही. जनरल वॉर्डच्या पेशंटला आणि डिलक्सच्या पेशंटला ओटीचा, सर्जनचा दर एकच असेल, तर महागड्या खोलीमुळं त्या खर्चात वाढ झालेलीच नसते. मग कपात कशाची? बिलिंग काउंटरवरून दरपत्रक घ्या आणि लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या: 'सदर शस्त्रक्रियेचे सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग व व्हिजिट दर खोलीच्या प्रकारानुसार बदलत नाहीत.' सही-शिक्का हवाच. हे मिळालं तर ७० अधिक १४, म्हणजे ८४,००० वरची कपात, आणखी ४२,००० तुमच्या बाजूला येतात. पण दरपत्रकात खोलीप्रमाणे वेगळे दर असतील तर हा मुद्दा सोडा. तो रेटलात तर पहिल्या भक्कम मुद्द्यालाही धक्का लागतो.

खोलीभाड्यातले जादाचे १८,००० मात्र मिळणार नाहीत, मर्यादा मर्यादाच. 'स्वस्त खोली शिल्लक नव्हती' हे कारण कंपन्या सहसा मानत नाहीत. जीएसटीचे १,८०० सुद्धा खोलीमुळंच लागले. आयसीयू सोडून रोज ५,००० च्या वर भाडं गेलं की ५ टक्के लागतो, ५,००० पर्यंत काही नाही. पुढच्या वेळी खोली ठरवताना हा आकडा ध्यानात ठेवा.

राहिले ६,२००. फाइल उघडणं, डॉक्युमेंटेशन, डिस्चार्ज प्रोसेस, हाउसकीपिंग, पल्स ऑक्सिमीटर, हातातला पट्टा या गोष्टी आयआरडीएआयच्या दुसऱ्या यादीत, 'खोलीभाड्यातच धरलेल्या' म्हणून आहेत. कंपनी त्या वेगळ्या देणार नाही हे बरोबर. पण दवाखाना नेटवर्कमधला, म्हणजे कंपनीशी करार असलेला, असेल तर त्यानं तरी त्या वेगळ्या का लावल्या? हा प्रश्न कंपनीला विचारू नका, दवाखान्याला लेखी विचारा.

मलप्रभा

बीपीच्या क्वेरीबद्दल.

ॲडमिट करताना कुणी तरी नातेवाईक घाईत 'असेल सात-आठ वर्षं' म्हणतो, रेसिडेंट डॉक्टर केस पेपरवर 'बीपी सिन्स ८ इयर्स' लिहितो, आणि तीच ओळ पुढं कंपनीचं हत्यार होते. पेशंट ॲडमिट करताना सोबत असणाऱ्यानं हे फार जपून सांगावं. निदान कधी झालं ते कागदावर असेल तरच वर्ष सांगा, नसेल तर 'नक्की माहीत नाही' म्हणा.

तुमच्या बाबतीत तीन उत्तरं आहेत, याच क्रमानं लिहा.

पहिलं, हाड पडून मोडलं. क्लेम फ्रॅक्चरचा आहे आणि बीपीचा त्याच्याशी संबंध नाही. उपचार करणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून तसं प्रमाणपत्र घ्या. त्यात 'बीपीचा कालावधी नातेवाइकांनी अंदाजे सांगितला, लेखी पुरावा पाहिलेला नाही' हेही वाक्य असू द्या, पण डॉक्टरांना ते खरं वाटत असेल तरच.

दुसरं, मोरॅटोरियम. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की कंपनीला 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आधी ही मुदत ८ वर्षं होती, २०२४ मध्ये ५ केली. जून २०१९ पासून खंड नसेल तर तुमचे ६० महिने जून २०२४ मध्येच भरले. एक बारकावा बघा: २०२२ ला वाढवलेल्या १ लाखासाठी ६० महिने २०२२ पासून मोजतात. तुमचा योग्य हिशोबाचा मुख्य क्लेम २ लाखांच्या आत बसतो, डिस्चार्जनंतरचा धरून जे त्यावर जाईल तेवढ्यापुरताच वाद उरतो.

तिसरं, २०१९ च्या प्रपोजल फॉर्मची प्रत कंपनीकडून मागवा. फॉर्म बऱ्याचदा एजंटच भरतो आणि सगळीकडं 'नाही' वर टिक मारतो. त्यात काय लिहिलंय हे न बघता खुलासा पाठवू नका.

दूधगंगा

दोघांचेही आभार. दवाखान्याकडं तपशीलवार बिल मागितलं तर एका पानाची समरीच देतात. केस पेपर देत नाहीत, 'ते टीपीएला (कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेला) पाठवले' म्हणतात. आणि आमचं गाव कर्नाटकात, दवाखाना महाराष्ट्रात. तक्रार कुठल्या राज्यात करायची?

टिळकवाडी

कंपनीविरुद्ध कर्नाटकात, दवाखान्याविरुद्ध महाराष्ट्रात. सीमाभागातल्या माणसानं हे एकदा पक्कं डोक्यात बसवावं, नाहीतर कोल्हापूर, बेळगाव आणि बेंगळूर असे हेलपाटे चालू राहतात.

आधी दवाखाना. केस पेपर मागायचा पेशंटचा हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेत लेखी मागणीनंतर ७२ तासांत नक्कल द्यायची अट आहे आणि नोंदी तीन वर्षं जपायची जबाबदारीही आहे. मूळ कागद टीपीएकडं गेले तरी दवाखान्याकडं प्रत असतेच. तोंडी मागू नका. दोन प्रतींत अर्ज द्या आणि एका प्रतीवर पोहोच घ्या. अर्जात नावं घालून मागा: ओळवार अंतिम बिल, इनडोअर केस पेपर, ओटी नोट्स, भुलेची नोंद, इम्प्लांटचं स्टिकर आणि खरेदीचं बिल, औषधांच्या सगळ्या पावत्या आणि परत केलेल्या औषधांची नोंद. ही शेवटची बाब सोडू नका. ऑपरेशनला मागवलेलं आणि न वापरलेलं सामान बिलातून वजा झालंय का, ते त्यावरूनच कळतं.

इम्प्लांटच्या स्टिकरवर कंपनी, बॅच नंबर आणि साइज असते. बिलातल्या नावाशी जुळवून बघा, आणि लावलेली किंमत पाकिटावरच्या एमआरपीहून जास्त नाही ना तेही बघा. स्टेंट आणि गुडघ्याच्या इम्प्लांटला एनपीपीएनं, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, २०१७ पासून कमाल किंमत ठरवून दिलीय. हाडाच्या प्लेटला तशी मर्यादा नाही, पण एप्रिल २०२० पासून अशा सगळ्या उपकरणांची एमआरपी वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही.

दवाखान्यानं दाद दिली नाही तर महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणीचे २०२१ चे सुधारित नियम आहेत. दरपत्रक लावणं आणि रुग्ण हक्कांची सनद पाळणं त्यात आलं. कोल्हापूर शहरातला दवाखाना असेल तर तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं. हाच दवाखाना बेळगावात असता तर केपीएमई या कर्नाटकच्या खासगी दवाखान्यांच्या कायद्याखाली डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राधिकरणाकडं, म्हणजे व्यवहारात डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) ऑफिसला, अर्ज द्यावा लागला असता.

आता कंपनी. पहिली पायरी कंपनीचा ग्रीव्हन्स, म्हणजे तक्रार निवारण, ऑफिसर. ईमेल करा आणि तीच तक्रार आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवून टोकन नंबर घ्या. पोर्टल जमत नसेल तर १५५२५५ वर फोन करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला की विमा लोकपाल, म्हणजे ओम्बड्समन. तुम्ही कर्नाटकात राहता म्हणून तुमचं कार्यालय बेंगळूरचं. फी नाही, वकील लागत नाही, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, त्यामुळं बेंगळूरला जावंच लागेल असं नाही. नकाराच्या पत्रापासून एक वर्षाची मुदत आहे. ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. निवाडा पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. उलटा क्रम मात्र करू नका, आयोगात केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत. आयोगात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथं, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातच, दाखल करता येतं. तिथं मुदत दोन वर्षं.

निवाडा झाल्यावर कंपनीनं ३० दिवसांत पैसे दिले नाहीत तर दिवसाला ५,००० रुपयांचा दंड पॉलिसीधारकाला द्यावा लागतो. ही तरतूद आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये आहे. पत्रात तिचा उल्लेख असू द्या.

वेदगंगा काठ

पुढच्यासाठी दोन गोष्टी, कारण अशा प्रसंगात घरातल्या बाकीच्यांच्या कार्डांची चौकशी कुणी करत नाही.

बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. अडचण रेफरलची असते. तातडीचं सोडून बऱ्याच उपचारांना आधी सरकारी दवाखान्यात दाखवून तिथनं चिठ्ठी घ्यावी लागते. लोक थेट खासगीत जातात आणि मग योजना मिळाली नाही म्हणून चिडतात. कृषी पत्तीन (शेती पतसंस्था) किंवा दुसऱ्या सहकारी संस्थेचं सभासदत्व असेल तर कर्नाटकची यशस्विनी आरोग्य योजना बघा, त्यातही ५ लाखांपर्यंत आहे. पण नोंदणी वर्षातनं ठरावीक दिवसच उघडी असते.

महात्मा फुले योजनेचा लाभ सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये घेतला, कर्नाटक सरकारचा त्याला विरोध आहे. कोल्हापुरात ॲडमिट व्हायच्या आधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला कार्ड दाखवून विचारा. आधी पैसे भरून नंतर या योजनेतून परत मिळत नाहीत.

कागदपत्र

एक राहिलं. डिस्चार्जच्या वेळी किंवा फेरमंजुरीनंतर कंपनी 'फुल अँड फायनल' च्या व्हाउचरवर सही मागते. सही करायची वेळ आली तर वर हातानं लिहा: 'रक्कम तक्रारीचा हक्क राखून स्वीकारली', तारीख घाला आणि फोटो काढून ठेवा. आधीच कोरी सही झाली असेल तरी घाबरू नका, निव्वळ व्हाउचरवर सही आहे म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही.

ग्रीव्हन्सच्या पत्रात कहाणी लिहू नका. बिलातली प्रत्येक ओळ, कंपनीनं दिलेली रक्कम, नियमाप्रमाणं द्यायची रक्कम आणि फरक, असा चार रकान्यांचा तक्ता करा. खाली मागणी: '४६,००० रुपये तात्काळ, तसेच सोबतच्या दवाखान्याच्या प्रमाणपत्रानुसार आणखी ४२,००० रुपये, बँक दरापेक्षा २ टक्के अधिक व्याजासह.' बीपीच्या क्वेरीचं उत्तर याच पत्रात घालू नका, तो वेगळा क्लेम नंबर आहे. दोन्ही एकत्र केलेत तर एकाच्या नावाखाली दुसरा लटकत ठेवतात.

आणि आधारवर, पॉलिसीवर आणि दवाखान्याच्या बिलावर वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघा. आपल्याकडं आधार कन्नडवरून आणि दवाखान्याचा कागद मराठी उच्चारावरून तयार होतो, एखादं अक्षर हमखास वेगळं पडतं. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र पत्रासोबतच जोडा.