काखेचा वास आणि ओले तळहात: तुम्हाला कशाने फरक पडला?

कोरा_कागद
मंडळी, आठवी-नववीपासून माझे तळहात घामेजतात. उन्हाशी त्याचा संबंध नाही, गार खोलीत बसलो तरी रेषांमध्ये थेंब उभे राहतात. लिहिताना मनगटाखाली घडी केलेला रुमाल लागतो, नाहीतर कागद फुगतो आणि शाई पसरते. फोन बोटाच्या ठशाने उघडायचा तर बोट तीनदा पुसावं लागतं.
काखेचं दुखणं वेगळं आहे. तिथे घाम फार नाही, पण दुपारपर्यंत आंबूस, कुबट वास येतो. दोनदा अंघोळ करूनही येतो. दोन डिओडरंट संपवले, काही फरक नाही.
वय २६. दोन महिन्यांनी नवी नोकरी सुरू होतेय, लोकांसमोर बसून बोलायचं काम आहे. खर्च बेताचाच करू शकतो. सुया नकोत, शस्त्रक्रिया अजिबात नको. स्वतः वापरलेलंच सांगा, प्लीज.

सायंतारा
सुया नकोत हे वाचलं, तरी सांगते. बोटॉक्स घे. मी दोन्ही काखांत मिळून १०० युनिट घेतले, एकेका काखेत पंधरा-वीस ठिकाणी टोचलं. आठवड्याभरात काखा कोरड्या, आणि ते सात महिने टिकलं. नवीन खूळ नाही हे, अमेरिकेत काखेच्या घामासाठी २००४ सालीच मान्यता मिळाली आहे. कित्येक वर्षांनी राखाडी कुर्ता घातला मी. पैसे गेले, पण एका पैचंही वाईट वाटलं नाही.

कोरा_कागद
ताई, आनंद वाटला वाचून. पण माझ्या काखेत घाम नाही, वास आहे.

जुनाजाणता
तुरटी. अंघोळीनंतर ओल्या काखेवर खडा फिरवायचा, वीस वर्षं हेच करतोय. ते ॲल्युमिनियमवालं काही लावू नकोस, कॅन्सर होतो.

औषधपेटी
जुनाजाणता काका, तुरटी हाच ॲल्युमिनियमचा क्षार आहे, पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. तुम्हाला उपयोग होतोय तर जरूर वापरा. पण लोकांना घाबरवू नका. अशा उत्पादनांचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध आजवर सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडं नीट काम करत नसतील त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच लावावं.

मी चौदा वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी आहे, म्हणून मूळ प्रश्नाचं नीट लिहिते. वास आणि घाम या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि लोक दोन्हींवर एकच बाटली मागतात.

आपल्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. बहुतेक एक्राइन, त्यांचा घाम म्हणजे जवळजवळ नुसतं पाणी आणि मीठ. तळहात-तळपायांवर त्या दाटीने असतात. दुसऱ्या अपोक्राइन, मुख्यतः काखेत आणि जांघेत, वयात आल्यावर चालू होणाऱ्या. त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात. त्यालाही स्वतःचा वास नसतो. त्वचेवरचे कोरिनेबॅक्टेरियमसारखे जिवाणू तो स्राव फोडतात, तेव्हा वास सुटतो.

डिओडरंट वास झाकतं किंवा जिवाणू कमी करतं, घाम थांबवत नाही. अँटीपर्स्पिरंट घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतं. बाटलीवर कोणता शब्द छापलाय ते बघून घ्या.

कोरा_कागद, तुझ्या काखेला आधी जिवाणूंवरचा इलाज हवा. मुरुमांसाठी मिळणारा ४-५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश काखेत लावायचा, दोन मिनिटं ठेवायचा, स्वच्छ धुवायचा. आग झाली तर एक दिवसाआड. टॉवेल पांढराच घे, रंगीत कापडाचा रंग उडतो.

पहाटधाव
इतकं शास्त्र नको, दोष कपड्यांचा आहे. पॉलिस्टर फेकून दे. माझा धावायचा टीशर्ट धुतल्यावर छान वाटायचा आणि अंगावर गरम झाला की पाच मिनिटांत तोच जुना वास.

निळीशाई
सरसकट पॉलिस्टरला दोष देऊ नका. मी रोज तेच घालतो, मला वास येत नाही.

पहाटधाव
स्वतःचा वास स्वतःला येत नाही, नाक सरावतं त्याला. घरच्यांना विचारा.

निळीशाई
विचारलं. नाही येत. कपडा उलटा करून धुतो, फॅब्रिक सॉफ्टनर घालत नाही कारण त्याचा थर बसून तेल-घाम आत राहतो, आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी करत नाही. इतकं केलं की पॉलिस्टरही चालतं.

रानवारा
शस्त्रक्रिया नको म्हणतोयस, त्यावर ठाम राहा. मी तेविसाव्या वर्षी केली. छातीच्या आत सिंपथेटिक नस असते, म्हणजे घामाच्या ग्रंथींना इशारा पोचवणारा मज्जातंतू, ती कापतात. शुद्धीवर आलो तेव्हा तळहात आयुष्यात पहिल्यांदा कोरडे होते, मी कितीतरी वेळ चादरीवरून हात फिरवत पडलो होतो. दोन महिन्यांत पाठ, पोट आणि मांड्यांना घाम सुटायला लागला. आता खुर्चीतून उठलो की मागे ओला ठसा राहतो. कॉम्पेन्सेटरी स्वेटिंग म्हणतात त्याला. आधी एका ओळीत सांगितलं होतं, "थोडा घाम दुसरीकडे जाऊ शकतो." हा थोडा नाही. आणि कापलेली नस खात्रीने पूर्ववत करता येत नाही.

शिंपलीची_आई
रानवारा, वाईट वाटलं वाचून. काळजी घ्या.
कोरा_कागद, माझ्या मुलीला अगदी तुझ्यासारखाच त्रास होता, वहीची पानं चिकटायची. आम्ही आयंटोफोरेसिसचं यंत्र घेतलं. दोन ट्रेंमध्ये साधं नळाचं पाणी, त्यात तळहात ठेवायचे, हलका विद्युतप्रवाह जातो. वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. तिसऱ्या आठवड्यात फरक दिसला, आता आठवड्याला एकदा पुरतं. हाताला कुठे चिरलं असेल तर तिथे झोंबतं, आधी व्हॅसलीन लावायचं. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदरपणात हे करायचं नाही. डॉक्टरांकडून शिकून घे. घेच तू यंत्र.

मधलीसुट्टी
बोटॉक्सला +१. तळहातावर घेतलं मी. फार दुखलं, आणि काही आठवडे बाटलीचं झाकण उघडताना पकड सैल वाटायची. पण हात कोरडे.

पहाटधाव
यंत्राला अनुमोदन. आणि सुती बनियन.

दूरचा_दिवा
थोडं अवांतर. मला दीड महिना रात्री झोपेत घाम येतो, उशी-चादर भिजते. वजनही उतरलंय. हाच वॉश चालेल का?

औषधपेटी
नाही. तुम्ही याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, थांबू नका. कोरा_कागदसारखा लहानपणापासूनचा, दोन्ही बाजूंना सारखा येणारा घाम सहसा झोपेत थांबतो. झोपेत अंग भिजणं आणि वजन उतरणं यामागे थायरॉइड, क्षयरोग, आणखीही कारणं असू शकतात, तपासणीशिवाय कळत नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो, घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. स्वतःहून बंद करू नका.

दूरचा_दिवा
उद्या जातो. धन्यवाद.

निळीशाई
घामाच्या गोळ्याही असतात ना? ग्लायकोपायरोलेट?

औषधपेटी
असतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतो, काहींना लघवी अडते. आणि घाम सगळीकडूनच कमी होतो, त्यामुळे कडक उन्हात अंग थंड होत नाही, ते धोक्याचं.
कोरा_कागद, हातांसाठी यंत्राच्या आधी ॲल्युमिनियम क्लोराइडचं २० टक्क्यांचं द्रावण लावून बघ, स्वस्तात होतं. झोपताना लावायचं, सकाळी धुवायचं. त्वचा पूर्ण कोरडी हवी.

कोरा_कागद
तीन आठवड्यांनी लिहितोय.
वॉशने बाराव्या दिवशी फरक कळला. संध्याकाळी शर्ट काढून हुंगला, साबणाचा मंद वास होता, बस. दोन जुने शर्ट मात्र टाकावे लागले, त्यांच्या शिवणीतला वास गेलाच नाही.
द्रावण पहिल्या रात्री अंघोळीहून येऊन लगेच हातांना लावलं. बोटांच्या बेचक्यांत इतकं झोंबलं की उठून धुतलं.

औषधपेटी
ओल्या त्वचेवर त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं, म्हणून झोंबतं. अंघोळीनंतर तासभर थांब, पंख्याखाली हात वाळव, मग लाव. पहिले काही दिवस रोज रात्री, फरक पडला की आठवड्यातून दोनदा.

कोरा_कागद
समजलं ताई. पण आता हातांना काहीच लावणार नाही. यंत्रही घेत नाही, शिंपलीच्या आई, रागावू नका. रात्री ट्रेमध्ये हात घालून बसायचं, मग आठवड्याचा हिशेब ठेवायचा, यात मला पडायचं नाही. वासाची मला लाज वाटायची, ओल्या हातांची इतकी वाटत नाही हे या तीन आठवड्यांत लक्षात आलं. सहा सुती रुमाल आणलेत. नव्या ठिकाणी हात मिळवण्याआधीच सांगणार आहे, माझा हात ओला असतो म्हणून.

शिंपलीची_आई
रागवायचं काय त्यात. पण विचार बदलला तर आमचं यंत्र महिनाभर नेऊन बघ, सध्या मुलीला आठवड्यातून एकदाच लागतं.

मधलीसुट्टी
वॉश जांघेतही चालतो का?

औषधपेटी
बाहेरच्या त्वचेवर चालतो, नाजूक भागाला लागू देऊ नका. आधी एका छोट्या जागी लावून दोन दिवस बघा.