प्रति: पाड्यांवरची जुलाबाची साथ

पाड्यांवर जुलाबाची साथ आली की आरोग्य पथक गोळ्या घेऊन येतंच, आणखी काय हवं, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. मला नाही पटत. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडे पहिल्या पावसात रानातली सगळी घाण विहिरीत उतरते. तेव्हाच त्यात टीसीएल (जंतू मारणारी, क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर पडायला हवी: १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम, मग निदान अर्धा तास थांबायचं. पण पोतं उघडं, ओलसर पडलेलं असेल तर क्लोरीन केव्हाच उडालेला असतो! म्हणून ओटी टेस्ट (थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणं) शेवटच्या नळावर करा. पाणी पिवळं झालं तरच क्लोरीन आहे. आणि पहिल्या जुलाबापासूनच १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून पाजत राहा. दवाखाना गाठेपर्यंत पोर सुकायला नको हो.