'मातृसंसर्ग' म्हणजे नेमकं काय?

सायली_भा
एका आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर करतेय. आशय असा: गरोदरपणी आईला जंतुसंसर्ग झाला, तर तिच्या शरीराने केलेल्या प्रतिकाराचा गर्भाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. मी लिहिलं, 'मातृसंसर्गामुळे अपत्यास स्वमग्नतेचा धोका'. मावशीला खर्डा वाचायला दिला, तर तिने विचारलं, "म्हणजे हे आईकडून मुलाला लागतं?" तिथेच अडलेय.

शब्दवेल्हाळ
मावशींनी बरोबर पकडलं. संसर्ग म्हणजे मुळात सहवास. 'संसर्गजा दोषगुणा भवन्ति', किंवा आपला ढवळ्याशेजारचा पवळ्या. मातृसंसर्ग म्हटलं की आईचाच वाण लागल्यासारखं वाटतं. समास सोडा, 'गरोदरपणातला जंतुसंसर्ग' लिहा.

सूक्ष्मदर्शी
चालेल, पण इथे जंतू नेहमीच मुख्य नसतो. रुबेलाचा (जर्मन गोवराचा) विषाणू वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भापर्यंत पोचतो. अमेरिकेतल्या १९६४ च्या साथीनंतर बालमानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी जन्मजात रुबेला असलेली २४३ मुलं तपासली, त्यांच्यात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, खूपच जास्त आढळला. फ्लूचा विषाणू सहसा तिथवर जात नाही. तिथे संशय आईच्या शरीरात वाढणाऱ्या इंटरल्यूकिन-६ सारख्या प्रथिनांवर आहे. गाभण उंदरिणीला विषाणू न देता नुसती त्याच्या आरएनएची (जनुकीय रेणूची) नक्कल टोचली तरी पिल्लांचं वागणं बदलतं, आणि इंटरल्यूकिन-६ अडवलं की बराचसा बदल टळतो. म्हणून 'प्रतिकारशक्ती' लिहू नका. शक्ती अंगात असते, प्रतिकार घडतो.

जुना_खर्डा
मला 'धोका' खटकतो. 'जोखीम' घ्या. जोखणे, म्हणजे तोलून बघणे. त्यात प्रमाणाची जाणीव आहे.

शब्दवेल्हाळ
जोखणेशी संबंध जोडायला मोह होतो खरा, पण जोखीम 'योगक्षेम'वरून आला असं मानतात. शिवाय जोखीम माणूस पत्करतो. ताप कोण पत्करतं? 'शक्यता थोडी वाढते' एवढंच पुरे.

जुना_खर्डा
योगक्षेम म्हणजे तर सुरक्षितता! अर्थ इतका उलटा फिरेल, हे मला पटत नाही.

मधुरा_आई
माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. 'स्वमग्न' मला कधीच पटला नाही. मग्न माणूस गाण्यात असतो, वाचनात असतो. मिक्सर सुरू झाला की माझा मुलगा दोन्ही कान दाबून भिंतीला टेकतो, तेव्हा तो कशात मग्न असतो? पाचव्या महिन्यात मला तीन दिवस ताप होता. असलंच एक वाक्य वाचून मी रात्री कॅलेंडर घेऊन तारखा मोजत बसले होते. एकेकाळी मुलाच्या ऑटिझमसाठी आईच्या थंडपणाला, म्हणजे माया कमी पडल्याला, दोष देत, आता तिच्या तापाला देऊ नका.

सूक्ष्मदर्शी
ताई, ताप आलेल्या बहुसंख्य आयांच्या मुलांना ऑटिझम नसतो. स्वीडनमधल्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर हा संबंध फिका पडला. दोन्ही गोष्टी एकत्र दिसण्यामागे घराण्यातलं काही समान कारण असू शकतं. सायली, हे वाक्य पुस्तिकेत यायलाच हवं.

जुना_खर्डा
ताईंचं दुःख समजतं, पण शब्द टाकून कसा चालेल? स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलरने 'ऑटिझम' घडवला तो ग्रीक 'ऑटोस'वरून, म्हणजे स्वतः. स्वमग्नता हे चोख मराठी रूप आहे.

मधुरा_आई
मग चूक ब्लॉयलरपासूनची आहे. ती मराठीत नव्याने का करायची?

सायली_भा
'मातृसंसर्ग' काढला. 'धोका'ही काढला. स्वमग्नतेचं अजून ठरत नाही. आणि 'अपत्य' राहू दे की 'बाळ' करू?

शब्दवेल्हाळ
अपत्य सुंदर आहे. निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, त्याची फोड 'ज्यामुळे पतन होत नाही ते' अशी आहे.

जुना_खर्डा
ती फोड म्हणजे निव्वळ ओढाताण आहे. सविस्तर लिहितो.