सुती झबली धुतल्यावर आटतात, बेतताना किती जास्त धरू?

प्रश्न: बाळांचे सेंद्रिय सुती कपडे शिवून विकते. पहिल्याच धुण्यात लांबी कमी होते.

उत्तर १: अंदाजाने वाढवू नका. प्रत्येक नव्या ताग्यातून ६० सेंमीचा तुकडा कापा, आत ५० सेंमीचा चौकोन आखा (होजिअरीच्या कडा गुंडाळतात, कडेवरून माप चुकतं). गिऱ्हाईक धुईल तसाच धुवा, वाळवून मोजा. ४७ भरला तर ६ टक्के आटला. उभं-आडवं वेगळं आटतं, दोन्ही लिहून ठेवा.

उत्तर २: त्यापेक्षा कापड बेतण्याआधीच धुवा. दोरीवर लोंबकळत नको, ओल्या वजनाने ताणतं, सपाट वाळवा.

उत्तर ३: टिचबटणं पातळ कापडावर थेट बसवू नका! निसटून बाळाच्या तोंडात जातात. आत पट्टी घालाच. बाह्यांना ३ सेंमी जादा दुमड ठेवलीत तर उसवून वाढवता येते.