लेप्टोवर थीसिस: केसेस किती, आणि पावसाळा हुकू नये म्हणून काय?

सुकेसोडे:
कोकणातल्या सरकारी कॉलेजात मेडिसिन, पहिलं वर्ष. विषय: लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात वाढणारा ताप) पेशंटमध्ये किती जणांना एकेआय, म्हणजे किडनीला अचानक इजा, होतो. गाईड म्हणतात १०० केसेस पुरे, बायोस्टॅटवाले (संख्याशास्त्राचे) ३८४ मागतात. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची मीटिंग अजून झालेली नाही. विषय बदलू का?

भातखाचर:
विषय नको, एरर (उत्तर किती टक्के इकडे-तिकडे चालेल ते) बदला. दोन्ही आकडे एकाच सूत्रातले. एकेआयचं प्रमाण ४० टक्के धरलं, उरलेले ६०, तर ४ × ४० × ६० = ९६००. एरर ५ टक्के ठेवली तर तिच्या वर्गाने भागा: भागिले २५, आले ३८४. १० ठेवली तर भागिले १००, आले ९६. गळती १० टक्के धरून ९६ ला ०.९ ने भागा, १०७. मात्र ते ४० कुठल्या जुन्या अभ्यासातून उचलले हे सिनॉप्सिसमध्ये (थीसिसच्या आराखड्यात) लिहा, पहिला प्रश्न त्यावरच येतो.

खरी घाई पावसाची. थीसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा, त्यामुळे हातात दोनच पावसाळे. मंजुरीच्या तारखेआधी घेतलेली केस धरता येत नाही, म्हणून कागद मेच्या आत पुढे सरकवा. संमतीपत्र मराठीसोबत हिंदी आणि नेपाळीतही आत्ताच जोडा. बोटींवरचे खलाशी आणि आंब्याच्या बागांतले राखणे बरेचसे नेपाळी. भाषांतर नंतर सुचलं तर पुन्हा कमिटीकडे जावं लागेल. अंगठा असेल तिथे तटस्थ साक्षीदाराची सही, तो तुमच्या टीममधला नको. पेशंट बेशुद्ध असेल तर नातेवाइकाची संमती, शुद्धीवर आल्यावर त्याची स्वतःची.

खाडीकाठ:
लॅबचं मी सांगतो. फॉर्मवर ॲडमिशनचा दिवस पुरेसा नाही, तापाचा कितवा दिवस ते हवं. आयजीएम एलायझा (अँटिबॉडीची तपासणी) तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली तर त्याला काही अर्थ नाही. पाच-सात दिवस जावे लागतात. त्याआधी पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी), पण ग्रामीण रुग्णालयातून सेफ्ट्रायक्झोन हे अँटिबायोटिक घेऊन आलेल्यात तोही हुकतो. आधीची औषधं लिहा, लावणीच्या वेळी लेप्टो टाळायला वाटलेली डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) सुद्धा.

मॅटसाठी (दोन नमुन्यांत अँटिबॉडी किती वाढल्या ते बघणारी तपासणी) दुसरा नमुना साधारण दोन आठवड्यांनी. गणपती मध्ये आले की पेशंट परत येत नाही, तेव्हा तारीख डिस्चार्ज कार्डावरच घाला. सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) वेगळं करूनच गोठवा; रक्त तसंच फ्रीझरमध्ये टाकलं तर हिमोलिसिस होऊन, म्हणजे रक्तपेशी फुटून, नमुना वाया.

सुकेसोडे:
आणि बेसलाइन क्रिएटिनिन, म्हणजे आजाराआधीचा किडनीच्या तपासणीचा आकडा? इथे कुणी आधी तपासलेलंच नसतं.

भातखाचर:
हीच तुमच्या विषयाची कळीची गोष्ट. केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे एकेआय म्हणजे क्रिएटिनिनमध्ये ४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा सात दिवसांत बेसलाइनच्या दीडपट. पेशंट २.८ घेऊन आला आणि उतरत गेला तर वाढ दिसणारच कुठे? आत असतानाचं सगळ्यात कमी क्रिएटिनिन बेसलाइन धरा, किंवा ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ७५ मानून एमडीआरडी सूत्राने उलटं काढा. दोन्हींतलं एकच, आणि ते प्रोटोकॉलमध्ये आधी लिहून. मध्येच बदललंत तर तुमची टक्केवारीच बदलेल. पहिल्या पद्धतीत डामा घेऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध) घरी गेलेले अडचण करतात: किडनी सुधारायच्या आत गेले, तर त्यांची बेसलाइन खोटी चढी राहते आणि एकेआय निसटतो.

खाडीकाठ:
एक्सेलमध्ये एका ओळीत एकच पेशंट. न केलेली तपासणी रिकामी सोडा, शून्य टाकू नका, नाहीतर सरासरी कोसळते.