शब्दचर्चा : सायकलच्या हँडलची वाटी बसवायच्या हत्याराला काय म्हणावं?

प्रश्न : सायकल दुरुस्तीची पुस्तिका मराठीत करतोय. 'हेडसेट प्रेस'पाशी गाडी अडली आहे. 'हेडसेट' तसंच ठेवलं तर वाचणाऱ्याचा हात आधी कानाकडे जाईल. त्याच प्रकरणात जुनी वाटी काढायचं आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर रेस (छर्रे जिच्यावर फिरतात ती कडी) बसवायचं हत्यारही आहे. तिन्ही एका घरातली वाटतील अशी नावं सुचतील का?

– 'वाटी' तुम्ही लिहिलाच आहे, तोच चालवा. हँडलखालच्या आखूड नळीत वर एक आणि खाली एक वाटी, त्यांत छर्रे, मधून चिमट्याचा दांडा. सगळ्या संचाला 'हेडसेट' राहू द्या, फक्त पहिल्यांदा येईल तिथे 'हँडलच्या वाट्या, छर्रे आणि रेस' असा खुलासा करा. आणि प्रेसला सरळ 'वाटी-ठोकणी' म्हणा.

– ठोकणी मुळीच नको! ठोकावं लागू नये म्हणून तर हे हत्यार आहे. वाटीचा बाहेरचा व्यास नळीच्या आतल्या व्यासापेक्षा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांनी मुद्दाम जास्त ठेवतात. ती घट्ट बसते ती या फरकामुळेच, तिथे आटे नसतात. हातोडीने मारलं की एक बाजू आधी आत शिरते, वाटी तिरकी होते आणि नळीची आतली बाजू खरवडते. प्रेसमध्ये आट्यांचा लांब दांडा असतो, त्यावर दोन तबकड्या. एक जागेवर अडकवायची, दुसरी मूठ फिरवली की सरकत येते. दाब चहूबाजूंनी सारखा पडतो. म्हणजे क्रियापद 'दाबणे'. माझं मत 'वाटी-दाबणी'ला.

– 'वाटी प्रेस' का नको? 'प्रेसफिट' तर कारखान्यात सगळेच म्हणतात.

– कानातला हेडसेट टाळायला निघालो आणि छापखान्यात शिरलो, असं होईल. 'दाबयंत्र'ही सुचवू नका कोणी, ते सरकारी निविदेत शोभेल. दाबणी चांगलं आहे. एवीतेवी पुष्कळ जण ती घरीच करतात : आट्यांचा गज, दोन नट आणि जाड वायसर. एवढ्याशा वस्तूला 'यंत्र' म्हणवत नाही.

– नावापेक्षा वाक्यं सांभाळा. मूळ मजकुरात 'बेअरिंग कप' असेल तर 'बेअरिंग दाबून बसवा' असं लिहून जाऊ नका. तबकडी वाटीच्या धातूवर टेकली पाहिजे. वाटीत आधीच बसवलेलं सीलबंद बेअरिंग असेल आणि दाब त्याच्या आतल्या कड्यावर आला, तर बेअरिंग पहिल्याच दिवशी कामातून जातं. शिवाय 'दोन्ही वाट्या दाबा'ऐवजी 'एकेक वाटी दाबा' लिहिलेलं बरं, तिरकी जाते आहे का ते लगेच दिसतं. शेवटी 'वाटी पूर्ण बसली' म्हणजे काय तेही सांगा : मूठ एकदम जड होते आणि वाटीची कड व नळी यांत फट राहत नाही.

प्रश्नकर्ता : दाबणी पक्की. काढायच्या हत्याराला मग 'वाटी-काढणी'?

– काढणी शेतात होते. :) त्या हत्याराला एका टोकाला चिरा देऊन जिभा फाकवलेल्या असतात. निमुळतं टोक पुढे करून ते वाटीतून आत ओढायचं. जिभा वाटीतून दबून जातात, नळीत शिरल्यावर फाकतात आणि वाटीच्या मागच्या कडेवर टेकतात. मग पलीकडून बाहेर आलेल्या टोकावर हातोडी. मी 'वाटी काढायची नळी' एवढंच लिहीन. प्रत्येक गोष्टीला जोडशब्द कशाला?

– आणि हाकलून दिलेल्या 'ठोकणी'ला इथे घर मिळतं. चिमट्याची रेस बसवायला दांड्यावरून लांब नळी घालतात आणि तिच्या वरच्या टोकावर खरोखरच ठोकतात. तेव्हा 'रेस-ठोकणी'. नेहमीचा सरळ दांडा एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे 28.6 मिमी. त्याच्या तळाशी रेसची बैठक सुमारे 30 मिमी.

– एक भर. सगळ्या सायकलींना दाबायची वाटी नसते. हेडसेटच्या खोक्यावर 'ईसी34' असेल तर वाटी नळीबाहेर दिसते आणि नळीचं भोक 34 मिमीचं. 'झेडएस44' असेल तर वाटी भोकात बुडालेली, भोक 44 मिमीचं. 'आयएस' असेल तर बेअरिंग थेट चौकटीत, हाताने ठेवायचं, दाबणीचं कामच नाही. ईसीला 'बाहेरची वाटी', झेडएसला 'बुडती वाटी' म्हणता येईल. आयएसला 'बिनवाटीचा'.

प्रश्नकर्ता : 'बुडती वाटी' घेतली. दांड्याच्या आत ठोकतात त्या 'स्टार नट'चं (वरच्या टोपणाचा बोल्ट ज्यात फिरतो तो नट) काय?

– चांदणी. दांड्याच्या वरच्या कडेपासून साधारण 15 मिमी खाली ठोकायची, आणि दांडा कार्बनचा असेल तर अजिबात नाही, तिथे फुगणारा प्लग घालतात.