वेल्फेअरवरच्या आईने आधी जीईडी करायचं, मग नोकरी? (सडेतोड यांना उत्तर)

रानजाई

काल सडेतोड यांनी कॅलवर्क्स (कॅलिफोर्नियात गरीब कुटुंबांना मिळणारी सरकारी रोख मदत) आणि जीईडी (हायस्कूल डिप्लोम्याच्या तोडीची परीक्षा) यांबद्दल लिहिलं: 'कॅलवर्क्सचे पैसे घेणाऱ्या ज्या कुणाकडे हायस्कूल डिप्लोमा किंवा जीईडी नाही, त्याला आधी वर्गात बसवा. जीईडी हातात पडेपर्यंत नोकरी शोधायला पाठवूच नका. वर्ग बुडवला तर पैसे कापा.' खाली अनेकांनी 'अगदी मनातलं बोललात' म्हणून माना डोलावल्या. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या एका अ‍ॅडल्ट स्कूलमध्ये मी आठवड्यातून तीन संध्याकाळी जीईडीचं गणित शिकवते. हे सातवं वर्ष. येणाऱ्या बऱ्याच जणींकडे हजेरीचा कागद असतो. किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, खाली माझी सही. तास पाव-पाव मोजायचे. गेल्या वर्षी एक होती, तीन मुलांची आई, दर गुरुवारी तो कागद माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, बेरीज तुम्हीच करा. 2.75, 2.25, 2.5. बेरीज चुकली की तास कमी दिसतात, आणि तास कमी दिसले की घरी पत्र येतं. अपूर्णांक येत नाहीत म्हणून जिला वर्गात धाडलं, तिचं घरभाडं त्याच अपूर्णांकांच्या बेरजेवर टांगलेलं! महिनाभर आम्ही दुसरं काही केलं नाही, तो कागदच पाठ्यपुस्तक. एका गुरुवारी तिने स्वतः लिहिलं, 7.5, आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या महिन्यात तिला वृद्धांच्या एका केंद्रात काम मिळालं. तोवर जीईडीच्या चार पेपरांपैकी एकच झाला होता. सडेतोड, तुमच्या नियमाने तिने त्या कामाला नाही म्हणायला हवं होतं. का?

सडेतोड

कारण तीन वर्षांनी ती त्याच पगारावर त्याच जागी असेल. तुम्ही तिला नोकरी लागेपर्यंत पाहिलंत. मी पुढचं पाहतो.

मी गोदामात शिफ्ट लीड आहे, अकरा वर्षं. ज्यांना धड वाचता येत नाही अशी माणसं घ्यायला मी कधी ना म्हटलं नाही. पण एकाने बॅटरीचं आम्ल असलेल्या खोक्यावरचं लेबल न वाचता ते आडवं रचलं. हात भाजला त्याचा, माझा नाही. सहा आठवडे घरी, आणि परत आला तेव्हा त्याची जागा भरलेली. मला दया येत नाही असं समजू नका. दया येते म्हणूनच सांगतो, आधी शिकवा.

आणि सक्ती हा शब्द ऐकून दचकायचं कारण नाही. डिप्लोमा नसलेल्या, एकोणिसाच्या आतल्या आयांना कॅलवर्क्सच्याच कॅल-लर्न कार्यक्रमात शाळा सक्तीचीच आहे. चांगलं प्रगतिपुस्तक आणलं तर 100 डॉलर, डिप्लोमा झाला तर 500, नाहीतर कपात. तिथे चालतं, मग तिशीतल्या बाईला का नको?

हिशेबनीस

दोघांनीही जुन्या नोंदी उघडून बघा. हा प्रयोग कॅलिफोर्नियात होऊन गेला आहे. वेल्फेअरवरच्या लोकांना कामाला लावण्याच्या 1985 च्या 'गेन' कार्यक्रमात डिप्लोमा नसला, वाचन-गणिताच्या चाचणीत गुण कमी पडले किंवा इंग्रजी येत नसलं, की 'मूलभूत शिक्षणाची गरज' असा शिक्का बसायचा. आधी नोकरी शोधून बघायची मुभा होती, नाही मिळाली तर वर्ग.

एमडीआरसी या संशोधन संस्थेने सहा काउंट्यांचा, म्हणजे जिल्ह्यांचा, अभ्यास केला आणि 1994 मध्ये शेवटचा अहवाल दिला. बाजी मारली रिव्हरसाइडने. तिथले अधिकारी पहिल्या दिवसापासून सांगत, कुठलीही नोकरी चांगलीच, लागा कामाला. तीन वर्षांत माणशी कमाई, कार्यक्रमात न घेतलेल्यांपेक्षा, 3,113 डॉलरने, म्हणजे 49 टक्क्यांनी जास्त. 1996 चा वेल्फेअरचा नवा कायदा आला तेव्हा सगळा देश रिव्हरसाइडचं नाव घेत होता. शिकवून मग पाठवण्यात वर्षं जातात आणि केंद्र सरकारच्या पैशांचं घड्याळ पाच वर्षांचं आहे, त्यापुढे ते मिळत नाहीत.

सडेतोड

तीन वर्षांवर थांबू नका हो. पुढे हॉट्झ, इम्बेन्स आणि क्लर्मन या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांतल्याच चार काउंट्यांची नऊ वर्षांची आकडेवारी तपासली. हे इम्बेन्स म्हणजे 2021 चे नोबेलवाले. रिव्हरसाइडची आघाडी वर्षागणिक विरत गेली, शिक्षण-प्रशिक्षणावर भर देणाऱ्या काउंट्यांनी ती भरून काढली. मी म्हणतो तेच.

हिशेबनीस

तेच नाही. त्यांनी प्रशिक्षणही धरलं आहे, नुसता जीईडीचा वर्ग नाही. दुसऱ्या एका अभ्यासात अटलांटा, ग्रँड रॅपिड्स आणि रिव्हरसाइडमध्ये लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं होतं, एक 'आधी नोकरी', एक 'आधी शिक्षण'. पाच वर्षांनंतरही शिक्षणवाले कमाईत पुढे गेले नाहीत. त्याच अभ्यासात सर्वांत उजवं ठरलं पोर्टलंड. तिथे दोन्ही होतं: ज्याची जीईडी लवकर होण्यासारखी त्याला वर्ग, बाकीच्यांना नोकरी, पण मिळेल ती नव्हे, जरा बऱ्या पगाराची.

नऊ वर्षांचा मुद्दा मात्र मान्य. मी तो सोडून लिहायला नको होतं.

काळीमाती

माझ्या आजीनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. हजेरीपटावर अंगठा. कुणी विचारलं नाही तुझी इयत्ता कोणती. त्याच कामांतून पुढं 1977 चा रोजगार हमी कायदा झाला, त्यातही शाळेची अट नाही. मागेल त्याला काम. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाला मात्र आधी दाखला लागतो? भुकेल्याला आधी पाटी देणार काय?

सडेतोड

आजीबद्दल आदर आहे. पण तिथे काम सरकार देत होतं. इथे सरकार म्हणतं, जा आणि शोध, आणि दारात उभा असतो खासगी मालक. तो दाखला विचारतो. हा फरक तुम्ही गिळून टाकलात.

काळीमाती

गिळला नाही. मग मालकाला विचारा ना दाखला कशाला लागतो! आणि त्या जीईडीत असतं तरी काय, ते बघितलं का कुणी? माझी मेहुणी देते आहे. गणिताच्या पेपरात निम्म्याहून जास्त बीजगणित. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या बाईला वर्गसमीकरण कशाला?

रानजाई

55 टक्के, 2014 च्या नव्या परीक्षेपासून. तेव्हापासून ती कॉम्प्युटरवरच. माझ्या वर्गात निम्म्या जणींची भीती गणिताची नसते, माउसची असते.

सडेतोड

म्हणजे आता परीक्षाही सोपी करायची! गरिबाच्या मुलीला हलका कागद द्या आणि मग मालक तो कागद मानत नाही म्हणून रडा. बीजगणित म्हणजे विचार करायची शिस्त. मी आठवीत दोनदा नापास झालो, गणितातच. तिसऱ्यांदा बसलो म्हणून आज इथे आहे.

काळीमाती

तुमच्या मागं बाप होता, तीनदा बसवणारा. पोटभर जेवून दुसऱ्याला उपासाचं महत्त्व सांगू नका.

सडेतोड

माझ्या बापाबद्दल तुम्हाला काडीची माहिती नाही. तो शब्द मागे घ्या.

काळीमाती

बापाबद्दलचा घेतो. बाकीचा नाही.

मधलीसुट्टी

मी सहसा लिहीत नाही. पण इथे ज्यांच्याबद्दल भांडताय त्यांतली मी एक. कॅलवर्क्सवर दोन वर्षं काढली आहेत. नवरा निघून गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची.

माझी बारावी झालेली, मराठी माध्यमातून. तो दाखला वेल्फेअर ऑफिसातल्या बाईंना वाचताच येईना. भाषांतर आणि तपासणी करून आणा म्हणाल्या, त्याचे पैसे माझ्याकडे नव्हते. तोवर 'डिप्लोमा नाही' या रकान्यात खूण. मग चाचणी. मला पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ. आजोबांनी परवचा म्हणून घेतलेली. आणि समोर प्रश्न काय, तर एका मोठ्या परिच्छेदातून कुणीतरी पडद्याचं कापड घेतंय, इतके यार्ड, इतके इंच. यार्ड म्हणजे किती हेच माहीत नाही. गणितात नापास झाले. गणितात! त्या दिवशी बसमध्ये मी मनात पावकी म्हणत घरी आले, विसरले तर नाही ना हे बघायला.

वर्गात बसले, आणि खरं सांगते काळीमाती, मला तिथलं बीजगणित आवडलं. कारण त्यात इंग्रजी कमी. एक्स म्हणजे एक्स. पूर्ण आठवड्यात तेवढा एकच तास मी कुणापेक्षा कमी नसायचे. ते काढून टाका म्हणू नका.

पण सडेतोड, दुसरीकडे एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम चालून आलं होतं, सकाळी सहा ते दहा. जीईडी होईपर्यंत नको म्हणा, असं मला सांगितलं असतं तर मी वर्गच सोडला असता. मी दोन्ही केलं. सकाळी काम, संध्याकाळी वर्ग, मुलगी शेजारणीकडे. 14 महिन्यांत चारही पेपर झाले. पण ती शेजारीण नसती तर झाले नसते, आणि तुमच्या दोघांच्या नियमांत त्या शेजारणीला कुठेच जागा नाही.

काळीमाती

ताई, बीजगणितावर आता बोलत नाही. मेहुणीला तुमचं वाचून दाखवतो.

सडेतोड

मधलीसुट्टी, तुमच्यासारखी माणसं हाताखाली असती तर मला हे लिहावंच लागलं नसतं. ठीक आहे. काम समोर आलं तर ते घेऊ द्या. 'जीईडीआधी नोकरी नाही' हे मागे घेतो, नाइलाजाने. पण वर्ग सुटता कामा नये. नोकरीबरोबर वर्गाचे तास हवेतच.

रानजाई

मग त्या तासांकडे बघा. केंद्र सरकारच्या हिशेबात आठवड्याला 30 तास भरायचे, त्यातले पहिले 20 काम किंवा कामासारखंच काही. वीस वर्षांवरच्या बाईचा जीईडीचा वर्ग त्या 20 च्या पुढेच धरतात. धंदेशिक्षण धरतात, पण जन्मात 12 महिने. आणि जिचं मूल सहा वर्षांच्या आतलं, तिला एकूण 20 तासच लागतात. म्हणजे तिने जीईडीसाठी कितीही रात्री जागवल्या तरी केंद्राच्या वहीत शून्य. कॅलिफोर्नियाने आपल्या नियमांत शिक्षणाला बरीच मोकळीक दिली आहे, पण राज्याची कामगिरी केंद्र त्याच वहीवरून मोजतं. आणि ज्या राज्यांत ती मोकळीक नाही, तिथल्या बाईला कामाचे 20 भरूनच वर्गाला यावं लागतं. तुमचा राग शिकत नाहीत म्हणून आहे. शिकलेलं मोजतच नाहीत, याचा राग धरा.

कॅल-लर्नचं तुम्ही म्हणता ते खरं, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला शाळेत ठेवायला हवं. पण तिथेही कपातीच्या आधी बक्षीस आहे, हेही तुम्हीच लिहिलंत.

सडेतोड

सहा वर्षांखालचं मूल असलं तर शून्य, हे मला माहीत नव्हतं. हे चूक आहे. गोदामातली एकजण ह्याच कारणाने वर्ग सोडते म्हणाली होती, मला ती थाप वाटली. तिच्याशी बोलावं लागेल.

पैसे कापण्याचं मात्र मागे घेत नाही. कपात मोठ्या माणसाच्या वाट्याची होते, मुलांचा वाटा राहतो.

रानजाई

भाडं दोघांचं एकच असतं. माझ्या वर्गात कपात झालेली बाई पुढच्या आठवड्यात जास्त अभ्यास करून आली, असं सात वर्षांत एकदाही झालेलं नाही. ती येतच नाही. तुम्ही तुमच्या त्या बाईंना आमच्याकडे पाठवा, मंगळवार ते गुरुवार, सहा ते नऊ. हजेरीच्या कागदावर सही मी करते.